पराभवांचे वारस

अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या शनिवारी लोक स्टेडियमवर जायचे, पण आत जायचेच असं नाही. इंडियाना विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमभोवतीची हिरवळ सकाळपासून भरायची. गाड्यांच्या डिक्या उघड्या, शेगड्यांवर सॉसेज, बर्फाच्या पेट्यांत बिअर, भोक पाडलेल्या फळीवर नेम धरून पिशव्या फेकण्याचा खेळ. मग केव्हातरी आतून बँड ऐकू यायचा, कुणीतरी 'सुरू झालं वाटतं' म्हणायचं आणि पुन्हा सॉसेज उलटायला घ्यायचं. जे आत जायचे त्यांतले बरेचसे मध्यंतरालाच बाहेर. मी इथे शिकायला आलो तेव्हा वरच्या वर्गातल्या एकाने मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. फुटबॉलला जायचं म्हणजे खायला-प्यायला जायचं. निकाल विचारायचा नाही, तो ठरलेला असतो.

तो काही फार वाढवून सांगत नव्हता. २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा इंडियानाच्या खात्यावर ७१५ पराभव जमा होते. अमेरिकेत सर्वोच्च पातळीवर कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठांपैकी कुणीही तोवर इतके सामने हरलं नव्हतं. शतकाहून जास्त काळाची ही कमाई. आणि १९ जानेवारी २०२६ च्या रात्री हाच संघ फ्लोरिडातल्या हार्ड रॉक स्टेडियममध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना खेळायला उतरला. समोर मायामी विद्यापीठ. दोघंही या अंतिम फेरीत पहिल्यांदाच.

'दोघंही पहिल्यांदाच' हे सगळ्या बातम्यांत होतं आणि ते खरंही होतं, पण मला ते पहिल्यापासून खटकत होतं. मायामीच्या कपाटात पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत: १९८३, १९८७, १९८९, १९९१ आणि २००१. त्यांचा आजचा प्रशिक्षक मारिओ क्रिस्तोबाल त्यांतल्या दोन संघांत स्वतः खेळलेला. मग पहिल्यांदा कसं? तर पूर्वी विजेता कोण हे पत्रकार आणि प्रशिक्षक मतदान करून ठरवत (हो, मतदान! कित्येक दशकं हा देश आपला फुटबॉलचा विजेता बऱ्याच अंशी कागदावर ठरवत होता). पुढे पहिल्या दोन क्रमांकांना आमनेसामने आणायची पद्धत आली. बाद फेरीची 'प्लेऑफ' सुरू झाली ती २०१४ च्या हंगामात, आधी चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची. या नव्या व्यवस्थेच्या अंतिम फेरीत मायामी कधी आलं नव्हतं, एवढाच त्या 'पहिल्यांदा'चा अर्थ.

त्याआधी ते राष्ट्रीय विजेतेपदासाठी शेवटचं खेळले होते ३ जानेवारी २००३ ला, ॲरिझोनात, ओहायो स्टेटशी. पहिल्या जादा डावात मायामी पुढे होतं. ओहायो स्टेटचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न फसला, चेंडू खाली पडला, मायामीचे लोक मैदानात धावले, आकाशात फटाके उडाले. आणि मग एका पंचाने पिवळा रुमाल टाकला. ग्लेन शार्प नावाच्या मायामीच्या बचावपटूने चेंडू येण्याआधी समोरच्या खेळाडूला धरलं, असा त्याचा निर्णय. सामना पुढे चालू राहिला आणि दुसऱ्या जादा डावात ओहायो स्टेट ३१-२४ असं जिंकलं. तो रुमाल योग्य होता की नाही यावर मायामीत अजून जेवणं अर्धवट राहतात. या शार्पकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

इंडियानाकडे असं हळहळायलाही काही नव्हतं. हळहळायला आधी काठापर्यंत तरी जावं लागतं. त्यांच्या आठवणी वेगळ्याच जातीच्या. १९७६ मध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात इंडियाना चक्क ७-६ असं पुढे गेलं, तेव्हा प्रशिक्षक ली कोर्सोने टाइम-आउट घेतला, संघ गोळा केला आणि धावफलक मागे दिसेल असा सगळ्यांचा फोटो काढून घेतला. मग सामना पुढे सुरू झाला आणि ते ४७-७ असं हरले. माझे शेजारी ही गोष्ट सांगताना कधीही हसत नाहीत. कोर्सो शहाणा माणूस होता, एवढंच म्हणतात.

हे शेजारी म्हणजे ऐंशीच्या घरातले गृहस्थ, उमेदीची वर्षं दगडाच्या कारखान्यात गेली. ब्लूमिंग्टनच्या दक्षिणेला बेडफर्डपर्यंत चुनखडीच्या खाणी आहेत. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा दगड इथला, पेंटॅगॉनचाही इथला. त्यांनी १ जानेवारी १९६८ चा रोझ बोल, म्हणजे हंगामानंतरचा एक मानाचा सामना, वडिलांच्या घरी टीव्हीवर पाहिला होता. इंडियाना तिथवर पोहोचण्याची ती पहिली खेप. १४-३ असा पराभव झाला. मग पुढची जवळजवळ साठ वर्षं ते पुन्हा तसं काही घडण्याची वाट पाहत होते असं मी म्हणणार नाही, कारण ते वाट पाहत नव्हतेच. ते जात होते, इतकंच. इथली माणसं खरी बास्केटबॉलची. १९७६ साली बॉब नाइटचा बास्केटबॉल संघ ३२ सामने खेळला आणि ३२ जिंकला. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत त्यानंतर कुणालाही अपराजित राहून विजेतेपद मिळालेलं नाही. 'आमच्याकडे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंत बसायला जागा,' हे शेजाऱ्यांचं वाक्य.

तरी त्यांच्या बोलण्यात एका माणसाचं नाव निघालं की ते थोडे थांबतात. टेरी हेपनर. हा प्रशिक्षक २००५ मध्ये आला, त्याने मैदानाच्या उत्तर टोकाला इथल्याच चुनखडीचा एक मोठा धोंडा आणून बसवला आणि खेळाडूंनी त्याला हात लावून मैदानात उतरायचं अशी प्रथा पाडली. त्याचा ध्यास साधा होता. नेहमीचे बारा सामने खेळून घरी जायचं नाही, तेरावा म्हणजे हंगामानंतरचा बोल सामना खेळायचा. जून २००७ मध्ये मेंदूच्या कर्करोगाने तो गेला. त्याच वर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात, ऑस्टिन स्टार नावाच्या मुलाने लांबून किक मारून पर्ड्यू विद्यापीठाला २७-२४ असं हरवलं आणि तेरावा सामना मिळवला. अर्थात तो तेरावा ते हरले. इंडियानाने शेवटचा बोल सामना जिंकला होता तो १९९१ मध्ये.

मग नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी आला. त्या वर्षी संघ तीन जिंकून नऊ हरला होता. सिग्नेटी साठी ओलांडलेला. त्याने अलाबामात निक सेबन या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली काम केलं होतं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती मानाची नोकरी सोडून, पगार कमी करून घेऊन, पेनसिल्व्हेनियातल्या एका दुय्यम श्रेणीच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला होता. तिथे त्याच्या वडिलांनीही तेच काम केलेलं. तिथून ईलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. कुठेच त्याचा हंगाम पराभवाच्या बाजूने झुकला नव्हता. ब्लूमिंग्टनला आल्यावर कुणीतरी विचारलं, खेळाडूंना तुम्ही काय सांगून इथे आणता? तो म्हणाला, मी जिंकतो, गूगल करून बघा. मला तेव्हा हा माणूस उर्मट वाटला, अजूनही थोडा वाटतो. इथल्या लोकांना मात्र त्या वाक्याने गुदगुल्या झाल्या. या गावात असं कुणी बोललेलंच नव्हतं.

त्याने काय केलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. जेम्स मॅडिसनमधून आपले डझनभर खेळाडू सोबत आणले. हल्ली कॉलेजचे खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे मोकळेपणाने जाऊ शकतात आणि त्यांना पैसेही मिळतात. २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. यावर इथे पुष्कळ उसासे टाकले जातात, खेळाचं पावित्र्य वगैरे. मी टाकत नाही. ज्या खेळाच्या जोरावर दूरचित्रवाणीचे करार अब्जांच्या घरात जातात, त्यात डोकं आपटून घेणाऱ्या पोराला फक्त वसतिगृह आणि जेवण द्यायचं, यात पावित्र्य कुणाचं आणि सोय कुणाची हे मला कधी कळलं नाही. (आमच्या नागपूरच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पावित्र्य भरपूर होतं. प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि मैदानाचा शिपाई.)

पहिल्याच वर्षी अकरा विजय आणि दोन पराभव. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आणि डाव चालवणारा खेळाडू, आला. क्यूबातून आलेल्या कुटुंबातला, मूळचा मायामीचा. शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नाही, म्हणून येलला जायचं ठरवून बसलेला होता. तीन वर्षांत पदवी उरकलेला, मुलाखतीत कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या थाटात बोलणारा मुलगा. डिसेंबरात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. इंडियानाच्या इतिहासात ती आधी कुणालाही मिळाली नव्हती. तोवर संघाने इंडियानापोलिसमध्ये ओहायो स्टेटला १३-१० हरवलं होतं. १ जानेवारीला रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३, मग अटलांटात ऑरेगनला ५६-२२. अलाबामाला ३८-३! शेजारी रात्री उशिरा आमच्याकडे आले आणि आकडा बरोबर आहे ना, असं मला विचारून गेले.

मी नागपूरचा. १ जानेवारी ही तारीख मला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी खेळत होता, आणि माझ्या लहानपणी विदर्भाचा सामना म्हणजे समोरच्या संघातल्या कुणाचं तरी द्विशतक. मुंबईच्या नातेवाइकांकडे गेलं की ते हसायचेदेखील नाहीत, विदर्भ खेळतो हेच त्यांच्या गावी नसायचं. १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. पहिल्यांदाच अंतिम फेरी, पहिल्यांदाच विजेतेपद. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक मी इथे थंडीत लॅपटॉपवर पाहिली. तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघंही मुंबईकर. माझा एक मावसभाऊ तेव्हा म्हणाला होता, 'मग जिंकलं कोण, आम्हीच ना?' मी त्याच्याशी पुष्कळ भांडलो. पण रात्री झोपताना तो प्रश्न डोक्यात होता, आणि तो मला इंडियानाच्या निमित्ताने पुन्हा भेटला.

कारण ७१५ पराभव हे नेमके कुणाचे? मेंडोझाचे नाहीत. तो इथे आला आणि एकदाही हरला नाही. सिग्नेटीचे नाहीत. जेम्स मॅडिसनहून आलेल्या पोरांचे नाहीत. जी मुलं खरोखर हरली ती चार-पाच वर्षांत पदवी घेऊन निघून गेली, कुणी विमा विकतो, कुणी शाळेत शिकवतो, आणि गुडघे दुखतात तेव्हा त्यांना फुटबॉल आठवत असेल. कॉलेजच्या खेळात खेळाडू कायम नवे असतात. जुना असतो फक्त प्रेक्षक. हरण्याची परंपरा मैदानावर राहतच नाही, ती स्टँडमध्ये राहते, एका पिढीकडून दुसरीकडे तिकिटासारखी दिली जाते. शेजाऱ्यांनी आपल्या मुलाला ती दिली, मुलाने नातीला. म्हणजे जे कधी हरले नव्हते त्यांनी जिंकायचं आणि ज्यांनी कधी चेंडूला हात लावला नाही त्यांनी सुटायचं. मावसभावाला मी आता एवढं तरी म्हणू शकलो असतो की जाफर मुंबईचा होता, पण पन्नासेक हंगाम उन्हात बसून विदर्भाला हरताना पाहणारे म्हातारे नागपूरचेच होते.

सामना शेजाऱ्यांच्या तळघरात पाहिला. पडदा मोठा, खुर्च्या जुन्या. माझी आई नागपुरात सकाळचे सहा वाजता चहा घेऊन व्हिडिओ कॉलवर बसली होती, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या मुलाच्या गावचा संघ मोठा सामना खेळतो आहे. ती वीस मिनिटांनी म्हणाली, 'काय रे, हे इतक्यांदा थांबतात, मग खेळतात कधी?' तिला समजावताना मला खेळ स्वतःलाच नव्याने समजला. म्हटलं, आई, ही बांधाची भांडणं आहेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन सरकायची, सरकली तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही सरकली तर समोरच्याची पाळी. आणि वाद झाला तर दोन माणसं खरोखर साखळी घेऊन मोजणीला येतात. तिचं माहेर यवतमाळकडचं, शेतीवाडीचं. तिने मान डोलावली आणि त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही.

गंमत म्हणजे हार्ड रॉक हे मायामीचं नेहमीचं मैदान. कागदावर यजमान इंडियाना, कारण मानांकन पहिलं. मायामी दहावं. बारा जणांच्या यादीत तेच कसेबसे शिरले होते आणि त्यांच्यामुळे बाहेर राहिलं ते नोत्र दाम, म्हणजे आमच्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ. नोत्र दामवाले आमच्याकडे ज्या नजरेने बघत आले आहेत ते पाहता या योगायोगाचं ब्लूमिंग्टनमध्ये कुणी फार दुःख केलं नाही. दहाव्या क्रमांकावरून येऊन मायामीने टेक्सस ए अँड एम, गतविजेतं ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना एकापाठोपाठ घरी पाठवलं होतं. घाबरायला कारण होतं.

पहिला अर्धा भाग रूक्ष गेला. मेंडोझाला सुरुवातीलाच असा दणका बसला की ओठातून रक्त आलं, आणि ते पुसत तो पुढे खेळत राहिला. मध्यंतराला इंडियाना १०-०. मध्यंतराच्या जरा आधी मायामीची लांबून मारलेली किक खांबावर आपटून परत आली. तळघरात कुणी आनंद व्यक्त केला नाही. शेजारी म्हणाले, पुढे जाणं हीच काळजीची गोष्ट असते.

ते बरोबर होते. मध्यंतरानंतर मायामीचा मार्क फ्लेचर एकटा सत्तावन्न यार्ड धावत सुटला. १०-७. मग ते घडलं ज्याची आम्हाला सवय नव्हती, नशीब दुसऱ्या बाजूचं फुटलं. मायामी चेंडू लांब लाथाडून द्यायला उभं राहिलं आणि इंडियानाच्या मिकाइल कमाराने मधे हात घालून तो अडवला. चेंडू गोलरेषेपलीकडे घरंगळला आणि आयझाया जोन्स त्याच्यावर पडला. १७-७. चौथ्या भागाच्या सुरुवातीला फ्लेचर पुन्हा. १७-१४.

आणि मग तो चौथा प्रयत्न. मायामीच्या गोलपासून बारा यार्ड, आणखी चार यार्ड सरकायला हवे होते, नऊएक मिनिटं शिल्लक. किक मारली तर तीन गुण हमखास. किक मारणारा मैदानात निघालाही होता. शेजारी स्वतःशीच पुटपुटत होते, मार, तीन घे, मार. पराभव पाहून मोठं झालेलं माणूस असंच मागतं. त्याला जिंकायचं नसतं, थोडं उशिरा हरायचं असतं. सिग्नेटीने टाइम-आउट घेतला, किकवाल्यांना परत बोलावलं आणि मेंडोझाला पाठवलं. सगळ्यांना वाटलं पास येणार. मेंडोझा चेंडू घेऊन स्वतःच सरळ मधे घुसला. हा मुलगा काही धावण्यासाठी प्रसिद्ध नाही. एकाला चुकवलं, दुसऱ्याने धडक दिली तो गिरकी घेऊन उभाच, आणि शेवटी दोघांच्या अंगावरून चेंडू पुढे धरून आडवा झेपावला. २४-१४. तळघरात जो आवाज झाला त्याने आई दचकली. चहा सांडला असं नंतर कळलं.

मी त्या निर्णयाचा पुष्कळ विचार केला आहे. आकडेवारी काढून बसणारे त्याचं समर्थन आकड्यांनी करतात, ते करोत. मला वाटतं ज्याच्या खांद्यावर ते ७१५ आहेत अशा माणसाला तो निर्णय घेताच आला नसता. मैदानावर त्यांच्याशी काही देणंघेणं नसलेली माणसं होती म्हणून तो घेतला गेला. मायामीकडे उलट होतं. क्रिस्तोबालला त्या पाच विजेतेपदांचं काहीतरी परत द्यायचं होतं, जुनं वैभव त्याच्या प्रत्येक मुलाखतीत होतं. पहिल्यांदा आलेले ते दोघं होते खरे, पण एक जण परत येत होता आणि दुसरा कुठूनच येत नव्हता.

एवढं सगळं छान जुळवून झाल्यावर शेवटचं मिनिट आलं आणि माझ्या मांडणीला त्याने हिसका दिला.

मायामीने २४-२१ केलं, इंडियानाने तीन गुण घेऊन २७-२१. मायामीकडे चेंडू, दीडेक मिनिट, आणि एक टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं, झालं असतं तर बहुधा सामना त्यांचा. ते पुढे पुढे येत होते. त्यांच्या क्वार्टरबॅकने, कार्सन बेकने, लांब पास टाकला, आणि गोलरेषेच्या अलीकडे तो पकडला इंडियानाच्या जमारी शार्पने. चव्वेचाळीस सेकंद उरले होते. संपलं.

शार्प. मायामीचाच पोरगा. ज्या ग्लेन शार्पच्या विरोधात २००३ मध्ये तो पिवळा रुमाल पडला, त्याचा पुतण्या. आणि तो कुठून आणलेला नाही. तो २०२२ मध्येच इथे आला होता, म्हणजे तीन जिंकून नऊ हरलेल्या संघातला. तसाच ओमर कूपर, इंडियानापोलिसचा मुलगा, ज्याने नोव्हेंबरात पेन स्टेटविरुद्ध रेषेच्या आत पायाचा अंगठा कसाबसा टेकवून झेल घेतला आणि अपराजित हंगाम वाचवला. सिग्नेटी आला तेव्हा बरेच जण निघून गेले, या मुलांनाही जाता आलं असतं. ती राहिली. म्हणजे हरण्याचा थोडा वाटा मैदानावरही शिल्लक होता, आणि नेमका तोच शेवटच्या क्षणी चेंडूखाली आला. माझ्या सिद्धांताचं यामुळे काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. शार्पच्या घरी त्या रात्री काकाने पुतण्याला काय म्हटलं असेल, हे मात्र मला कुठल्याही सिद्धांतापेक्षा जास्त जाणून घ्यायला आवडेल.

सोळा सामने, सोळा विजय. या पातळीवर असा हंगाम त्याआधी एकदाच झाला होता, १८९४ मध्ये, आणि तो येलचा. मेंडोझा जिथे जाणार होता त्याच येलचा. बास्केटबॉलच्या त्या अपराजित हंगामालाही नेमकी पन्नास वर्षं झालेली. असे योगायोग कथेत घातले तर संपादक काढून टाकायला लावतील.

शेजारी उठले, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सगळ्यांना पाय आखडलेले असतील, जरा बाहेर जाऊन या, असं काहीसं विचित्र बोलले. जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. गावात कर्कवुड रस्त्यावर विद्यार्थी उतरले होते, त्यांचा गोंगाट मैलभर ऐकू येत होता. त्यांतल्या निम्म्यांना वाटत असणार की इंडियाना नेहमी जिंकतंच. पहिल्या वर्षाच्या मुलांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. मला त्यांचा हेवा वाटला नाही, पण रागही आला नाही. शेजाऱ्यांना मात्र थोडा आला असावा. 'त्यांना काय माहीत,' असं ते दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या कॉलेजातल्या मित्राचा फोन. हा गेली कित्येक वर्षं मायामीत असतो, नागपुरात आम्ही एका बाकावर बसायचो. तिकडे गेल्यापासून त्याने मायामीचा हिरवा-केशरी रंग अंगाला लावून घेतला आहे आणि पाच विजेतेपदांचा हिशोब तो आपण स्वतः मैदानात होतो अशा थाटात सांगतो. मी अभिनंदनाची वाट पाहत होतो. तो म्हणाला, 'ते खांबाला लागलं नसतं ना बे, तर?' मी म्हटलं, हो. 'आणि ती लाथ त्याने अडवली नसती तर?' हो ना. 'आणि त्या खडूस बुढ्याने सरळ किक मारली असती तर?' मी हो हो म्हणत राहिलो. हा सूर माझ्या ओळखीचा होता, विदर्भाच्या नावाने मी वर्षानुवर्षं तोच लावला होता. फोन स्पीकरवर टाकून मी भांडी मशीनमध्ये लावायला घेतली. तो बोलतच होता. २००३ चा रुमाल आला, पंच आला, मग पुन्हा कालचा खांब.

'तू हसून राहिला का बे?'

'नाही रे, बोल.'

'आन् पाय ना, तो मेंडोझा, तो शार्प, दोघंबी आमच्याच गावचे!'